राखी लंकेला निघाली

सगळा घोटाळा जेवणाच्या ताटावर सुरू झाला. राखी म्हणाली, "आई, मी श्रीलंकेला चाललेय. एकटीच." विमलाबाईंनी हातातला घास खाली ठेवला आणि हात जोडले. डोळे भरून आले त्यांचे. आता भरल्या डोळ्यांच्या आईला सर्फिंग म्हणजे काय ते कसं सांगायचं? तरी राखीने सांगितलं, हे तिच्या बाजूने बोलायलाच हवं. मोबाईलवर व्हिडिओही दाखवला. समुद्र, लांबलचक फळी, फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येणारी माणसं. "हे शिकवायचा कॅम्प आहे," ती म्हणाली. विमलाबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

या 'बरं'चा अर्थ काय घ्यायचा? उभा जन्म आईजवळ काढूनही राखीला तो लागला नाही.

आठवडाभरात सातपूरच्या त्यांच्या अख्ख्या कॉलनीला कळलं, की विमलाबाईंची राखी बोधिवृक्षाच्या दर्शनाला अनुराधपूरला चालली. आपल्या लोकांत लंका म्हटलं की बोधिवृक्ष, दुसरं काय असणार तिथे! बायका येऊ लागल्या. कुणी म्हणे, माझ्या नावाने मेणबत्ती लाव. कुणी म्हणे, नातवाची परीक्षा आहे, तेवढं बोल झाडापाशी. राखी 'हो' म्हणत गेली आणि प्रत्येक 'हो'बरोबर जास्तच अडकत गेली.

"आई, हे तू सांगितलंस का?"

"मी काय सांगणार? लोकांनी विचारलं कुठे चालली, म्हटलं लंकेला."

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून भांडताही येईना.

तिने नकाशा उघडला. कॅम्प पार दक्षिणेच्या किनाऱ्यावर, अनुराधपूर वर कुठेतरी उत्तरेला. जाऊन यावं का? मग पोहायचे कपडे न्यायचे की पांढरी साडी? तिने दोन्ही बॅगेत भरलं, दोन्ही काढलं, आणि बॅगेसमोर फतकल मारून बसली. आपण नक्की कुठे निघालोय तेच तिला कळेना. इतकंच आठवत होतं, की तिशी उलटल्यावर ती तरणतलावात पोहायला शिकली, आणि पाण्यात असताना तिला कुणी ताई, काकू, मॅडम म्हणत नसे. तेवढंच हवं होतं तिला, आठ दिवस. आणि आता सगळी कॉलनी तिच्या बॅगेत चढून बसली होती.

रविवारी विहारात तिचा सत्कार ठेवला. वंदना झाली, सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. मग महिला मंडळाच्या अध्यक्षा सावित्रीबाई उठल्या. या बाईंच्या हातात माईक आला की तो परत मिळवायला युक्ती लागते. "आपल्या कॉलनीची संघमित्राच ही!" त्या म्हणाल्या. "तिने बोधिवृक्षाची फांदी लंकेला नेली, ही त्याच झाडाच्या दर्शनाला चालली!" टाळ्या पडल्या, पुष्पगुच्छ आला, आणि राखीला दोन शब्द बोलायला उभं केलं.

तिने छान आभार पाठ केले होते. पण खोटं बोलणार नाही, असं आत्ताच बुद्धासमोर म्हणून झालेलं.

"मी बोधिवृक्षाला नाही चालले," ती म्हणाली. "समुद्रावर चाललेय. फळीवर उभं राहायला शिकायला. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. पण एकटीनेच जायचंय."

"फळीवर?" सावित्रीबाई म्हणाल्या. मागे सहादूबाबांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या, पण त्यांना ऐकू येत नाही.

घरी येताना विमलाबाई पुढे चालत होत्या. वळणावर राखीने त्यांना गाठलं.

"रागावलीस?"

"मी लोकांची तोंडं बंद केली होती. तू उघडलीस."

"म्हणजे तूच सांगितलं होतंस! का पण?"

"मग काय सांगायचं? जो भेटेल तो विचारतो, लंकेला चालली तर तुला का नाही नेत? म्हटलं, आधी ती बघून येईल, मग मला नेईल." विमलाबाईंनी पदर सारखा केला. "काहीतरी सांगायलाच लागतं ना."

राखी जागीच थांबली. अनुराधपूर, अनुराधपूर म्हणत ही बाई म्हातारी झाली. आपण त्याच देशाचं तिकीट काढलं, आणि 'चल' हा शब्द एकदाही तोंडातून निघाला नाही. नुसता मनातही आला नाही. तिला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

घराचं कुलूप काढून विमलाबाई उंबऱ्यातच थांबल्या. "जायच्या आधी मला पासपोर्ट कसा काढतात तेवढं सांगून जा."

"काढू की! चुकलं माझं, आई. पुढच्या वर्षी मी नेते तुला अनुराधपूरला. खरंच नेते."

"तू कशाला?" विमलाबाई म्हणाल्या. "तुला कोण नेतंय?"