पहिल्या घाण्याच्या गोळ्या

औषधाच्या कारखान्यात सगळे तिला आक्का म्हणत, आणि जरा टरकूनच असत. गोळ्या पाडायचं मशीन इतरांना नखरे दाखवी, तिच्यापुढे मुकाट चाले. त्या सकाळी मात्र मशीन सुरू करायचं सोडून ती पांढऱ्या भुकटीकडेच बघत उभी होती.

त्या भुकटीत तिच्या धाकट्या भावाचा जीव अडकला होता. त्याच्या फुप्फुसांच्या रोगावरचं औषध परदेशातली एकच कंपनी बनवी. किंमत ऐकूनच माणूस अर्धा व्हावा! दुसऱ्या कुणी ते बनवायचं नाही, असा देशादेशांतल्या व्यापाराचा करार. पण त्याच करारात कुणीतरी एक कलम घालून ठेवलं होतं : लोकांच्या जिवावर बेतलं, तर सरकारनं इतरांनाही परवानगी द्यावी. सरकार बरीच वर्षं मिठाची गुळणी धरून बसलं आणि एकदाची या कारखान्याला परवानगी आली. कुठल्या खोलीत, कोण भांडलं असेल त्या एका वाक्यासाठी? आक्काला त्याचं फार नवल वाटे.

मशीन खडखडलं. टपाटप गोळ्या पडू लागल्या. पहिला घाणा नेहमी बादलीत पडून मोडीत जायचा, कारण वजन बसेपर्यंत गोळ्यांचा भरवसा नसतो. हे आक्कानंच सगळ्यांना घोटून शिकवलेलं. आज तिचीच मूठ त्या बादलीत गेली.

"आक्का, माल तपासून बाहेर पडायला महिना जाईल," तपासनीस बाई हळूच म्हणाल्या. "घ्यायच्या तर घ्या. मी काही पाहिलं नाही."

आक्कानं मूठ उघडली.

"आणि गोळीत औषध कमी भरलं असलं तर? रोग आणखी शिरजोर व्हायचा. नको बाई. थांबेल तो, हट्टी आहे मेला." बादली तिनं स्वतःच्या हातानं रिकामी केली.

भाऊ थांबला. कसा, ते त्यालाच ठाऊक.

महिन्यानं इस्पितळात नर्सनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली.

"एवढीशीच? हिच्यासाठी एवढा आटापिटा?"

"गीळ आधी, बडबड्या!"

त्यानं गिळली. आक्कानं सुस्कारा सोडून मान वर केली. शेजारच्या खाटेवर एक आजोबा पाण्याचा घोट घेत होते. पलीकडे एक मुलगी तोंड वाकडं करत होती. पार दारापर्यंत खाटेखाटेवर तीच गोळी घेऊन हात तोंडाकडे चालले होते. आजवर तिच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता.

"अगं बाई," ती खाटेचा कठडा धरून म्हणाली, "एवढे सगळे थांबले होते!"