कॅप्टन मॅडॉकच्या पंगतीचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना, तीन पायांचा लोखंडी हंडा आहे. चौथा पाय असता तर मी केव्हाच पळून गेलो असतो, असं आमचा आचारी ग्विलिम म्हणायचा.

वेल्समधल्या एका भट्टीत माझा जन्म झाला. तिथून कॅप्टन मॅडॉक प्रॉबर्टने मला जमैकाला आणलं. इंग्लंडच्या राजाचा परवाना खिशात ठेवून तो स्पेनची जहाजं लुटायचा. परवाना नसता तर लोकांनी त्याला सरळ समुद्री चाचा म्हटलं असतं. त्याच्या जहाजावर सगळ्यांसाठी एकच हंडा, तो म्हणजे मी. पहिला घास कॅप्टनने घ्यायचा, मगच खलाशांनी जेवायचं. कॅप्टन खातो तेच आपल्यालाही मिळतं, याची मग खात्री पटे. ग्विलिमने केलेला कासवाचा रस्सा माणसं बोटांनी पुसून खात. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे लढाया थांबल्या आणि राजाने मॅडॉकला बेटाचा उपगव्हर्नर केलं. तो विगखाली घामाघूम होत सभेत बसू लागला, चांदीच्या ताटात जेवू लागला. मी परसात पालथा पडलो. कोंबड्या माझ्यावर बसून सभा भरवत.

मॅडॉकच्या म्हाताऱ्या झालेल्या खलाशांच्या किनाऱ्यावरच्या झोपड्या ऊसमळेवाल्यांच्या डोळ्यांत सलत होत्या. झोपड्या पाडून खलाशांना बेटाबाहेर काढायचा हुकूम तयार झाला. फक्त मॅडॉकची सही बाकी होती. त्यासाठी मळेवाले त्याच्याकडे दुपारी जेवायला आले.

ग्विलिमला हे कळलं. कुबडी टेकत तो परसात आला, त्याने मला सरळ करून घासलं आणि रस्सा चढवला. बाकीचे खलाशी येऊन गोल करून बसले. रस्सा शिजला, तरी कुणी हात लावेना. वास माडीवर पोचला तसा मॅडॉक तणतणत खाली आला. हा काय तमाशा, म्हणून त्याने विचारलं.

"रस्सा निवतोय, कॅप्टन," ग्विलिम म्हणाला. "तुझ्याआधी आम्ही कधी जेवलोय का?"

"मी आता कॅप्टन नाही, ग्विलिम."

"ते तुझं तू ठरव. आम्ही थांबतो. घाई तुझ्या पाहुण्यांना आहे."

माडीवर पाहुणे हसत होते. मॅडॉकने एकदा वर पाहिलं. मग त्याने विग काढून कुंपणाला अडकवला, मांडी घातली आणि माझ्यात पळी बुडवली. मीठ कमी आहे, म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

एक मळेवाला हुकूम घेऊन खाली आला. मॅडॉकने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भरल्या ताटावरून मी माणसं उठवत नाही. बसायचं तर बसा, नाहीतर घरी जा."

मळेवाले घरी गेले. झोपड्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. मळ्यांवर, मॅडॉकच्याही, विकत आणलेली माणसं राबत होती. त्या पंगतीत त्यांना कुणी बोलावलं नाही.

आज त्यांच्याच वंशातली माणसं किनाऱ्यावर माझ्यात मासळी शिजवतात. माझा तळ पातळ झालाय, तरी मी समाधानी आहे. मित्रांनो, भांडी घासून जपा, पण शोभेला मांडून ठेवू नका. आणि जेवताना जरा सरकून बसा, म्हणजे मागून येणाऱ्याला जागा होईल.