काळ्या काचेवरचा ओरखडा

मी पाणबुड्यांचा एक जुना मास्क आहे आणि माझ्यातून काहीही दिसत नाही. मित्रांनो, हसू नका. न दिसणे हीच माझी नोकरी आहे.

जन्म मात्र पाहण्यासाठीच झाला होता. कारखान्यात जाड काचेला मऊ सिलिकोनची झालर बसवली गेली, तेव्हा आपल्या नशिबी समुद्र आहे असे मला वाटले. काही वर्षे मी मासे पाहिलेही. पुढे झालर पिवळी पडली. मग माझी मालकीण ग्लेनिस हिने एका दुपारी माझ्या काचांना आतून काळा रंग फासला आणि म्हणाली, "आजपासून तू मास्तर!"

ग्लेनिस माउंट गॅम्बियर गावाच्या बाजूला पाण्याखालच्या गुहांत पोहायला शिकवते. आमच्याकडची जमीन चुनखडीची. मेंढ्या चरत असतात आणि कुरणाच्या मध्येच एक विवर उघडे असते. विवरात निळे पाणी आणि पाण्याखाली भुयारे. घाबरून वर जावे तर डोक्यावर दगडाचे छत असते. तळाचा गाळ मैद्यासारखा बारीक. एक पाय चुकीचा हलला की तो उठतो, आणि मग हातातला दिवा लावलेला आहे की विझलेला, याला काही अर्थ उरत नाही. तेवढ्यासाठी गुहेच्या मुखापासून आतपर्यंत एक दोरी ताणलेली असते. तिच्याभोवती अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करायचे आणि चाचपडत बाहेर यायचे. प्रमाणपत्राच्या निकषांत स्पष्ट म्हटले आहे की उमेदवाराने संपूर्ण अंधारात, केवळ स्पर्शाने, दोरी न सोडता बाहेर यावे.

तो संपूर्ण अंधार म्हणजे मी.

बाहेरचे जग मला कानांनी कळते, पण माणूस आतून कळतो. त्याच्या पापण्या माझ्या काचेच्या इतक्या जवळ असतात की फडफड मोजता यावी. काही जण मला चढवताच डोळे मिटून घेतात. ती माणसे बहुधा नीट बाहेर येतात. काही जण डोळे फाडून अंधाराकडे पाहत राहतात. त्यांचा श्वास आधी बिघडतो, हात नंतर. शिकाऊ मंडळी वर आली की मला शिव्या देत, आणि त्या शिव्या ऐकून मला बरे वाटे. "या काळतोंड्याने माझी सगळी मस्ती उतरवली," असे एकजण म्हणाला होता. त्याच्याइतकी नेमकी स्तुती माझी कोणी केलेली नाही.

पण स्तुती झालेल्या वस्तूकडे पुन्हा निरखून कोण पाहतो? मी पेटाऱ्यात पितळी कड्यांच्या ढिगाखाली पडून राहू लागलो. एका कडीने घासून घासून डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात रंग खरवडला. ओरखडा नखाच्या कोरीएवढा होता. निकषांत अंधार लिहिलेला होता, पण अंधार तपासावा कसा हे लिहिलेले नव्हते.

अशा अवस्थेत मी ब्रोडीच्या चेहऱ्यावर चढलो.

ब्रोडी लाकडाच्या गिरणीत कामाला. रुंद खांद्यांचा, हसरा, सगळ्यांना आवडणारा. त्याच्या दोन मित्रांकडे प्रमाणपत्र होते आणि येत्या शनिवारी ते तिघे खालच्या लांब भुयारात जाणार होते. उजेड तिथे पोहोचतच नाही. परीक्षा मात्र मुखाजवळच्या दालनात असते, आणि त्या दालनात विवरातून दिवसाचा निळा उजेड झिरपतो. ब्रोडी आधी थरथरला. मग त्याचा डावा डोळा खाली वळला, कोपऱ्यात थांबला आणि पापण्या शांत झाल्या. बोटांचे कडे दोरीभोवती होते खरे, पण तो दोरीने येत नव्हता. तो उजेडाकडे पोहत होता.

मला सगळे कळले. शनिवारी काय होईल तेही कळले. गाळ उठेल, कोपरा काळाच राहील आणि या माणसाच्या बोटांना काहीच येत नसेल. पण काचेला तोंड नसते, मित्रांनो. तो कोपरा झाकायला मला धुकेही धरता आले नाही.

वर आल्यावर ग्लेनिसने त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास! एकदासुद्धा अडखळला नाहीस."

"गिरणीत धूळ काय कमी असते?" ब्रोडी म्हणाला. "डोळे मिटून करवत चालवतो मी."

"आणि म्हणूनच बोटं मोजून घेतोस वाटतं रोज संध्याकाळी," फाटकाकडून आवाज आला. ती डल्सी. कुरण तिचे, विवरही तिचेच. ती चहाचा थर्मास आणि नारळाचा कीस लावलेले लॅमिंग्टन केक घेऊन आली होती. पूर्वी, प्रमाणपत्रे नव्हती तेव्हा, तिच्या पाण्यातून एका तरुणाला मृत बाहेर काढावे लागले होते. तिच्या नवऱ्याने फाटकाला कुलूप घातले. तो गेल्यावर डल्सीने ते उघडले, पण फक्त प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आणि ग्लेनिसकडे त्याची परीक्षा द्यायला येणाऱ्यांसाठी.

"पास झालास ना पोरा? मग खा. नापासांना मी कोरडं बिस्किट देते."

सगळे हसले. मी पिकअपच्या फळीवर पडलो होतो. डल्सीने मला उचलले. "हेच का ते भूत? बघू तरी, एवढं घाबरण्यासारखं काय आहे यात." तिने मला डोळ्यांना लावले आणि कुरणाकडे तोंड केले.

"अगं ग्लेनिस, ती लंगडी मेंढी परत कुंपणाला जाऊन अडकलीय बघ."

चहाचा कप फळीवर ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

"डल्सी," ग्लेनिस हळू म्हणाली, "ती मेंढी तुला कशी दिसली?"

मग मला उन्हासमोर धरण्यात आले. इतक्या दिवसांनी कोणीतरी मला उन्हासमोर धरले.

"ब्रोडी, तुला दिसत होतं?"

"थोडंसं. कोपऱ्यातून."

"आणि तू बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस! मला काय माहीत, सगळ्यांनाच तेवढं दिसत असेल. दोरी सोडली का मी? नाही ना? मग?"

"मग काही नाही. परीक्षा झालीच नाही, एवढंच."

"एका ओरखड्यासाठी? ग्लेनिस, शनिवारी पोरं माझ्यासाठी थांबणार नाहीत."

"नाही थांबली तर नाही थांबली." तिचा आवाज आता फळा पुसणाऱ्या बाईसारखा कोरडा होता. "आणि आजवर या मास्कमधून कोण कोण गेलं, त्या सगळ्यांना मी परत बोलावणारे. ओरखडा कधी पडला ते मला माहीत नाही. म्हणजे कोणाचंच काही माहीत नाही."

तिने माझ्या काचांवर आतून-बाहेरून काळी चिकटपट्टी बसवली. मग मला स्वतः चढवून सूर्याकडे तोंड केले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्यानंतर ब्रोडी पुन्हा पाण्यात उतरला.

पुढचे सांगताना आजही मला असहाय वाटते. दोरी एका दगडाला वेढा घेऊन वळते, तिथे एक हात पुढे रोवल्याशिवाय दुसरा सोडायचा नसतो. ब्रोडीने सोडला. मग त्याची बोटे पाण्यात फिरू लागली. दोरी त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती, असे ग्लेनिस नंतर म्हणाली. डावा डोळा खाली वळला, त्या कोपऱ्याकडे. तिथे काही नव्हते. डोळा वर गेला आणि पुन्हा तिथेच आला. बोटांनी शोधायचे सोडून तो माणूस डोळ्याने शोधत होता, आणि त्याला तसे शिकवणारा कोपरा माझ्यातच होता. श्वास तुटू लागला तेव्हा ग्लेनिसने त्याचा हात धरून दोरीवर ठेवला. परीक्षा संपली.

वर येईपर्यंत मी त्याच्या चेहऱ्यावरच होतो. विवराचे पाणी गोडे असते, मित्रांनो. माझ्यात मात्र थोडे खारट साचले होते. ते ग्लेनिसला कळले नाही.

"सराव कर," ती म्हणाली. "मी शिकवीन. पैसे नकोत."

"दुसरीकडे इतकं बघत नाहीत," ब्रोडी म्हणाला.

"माहितेय मला. तिथे मी काहीच करू शकत नाही."

"तसल्या प्रमाणपत्रावर माझ्या फाटकातून तर नाहीच," डल्सी म्हणाली, पण केकचा डबा तिने त्याच्यापुढे धरलेलाच होता. त्याने एक उचलला. मला परत देताना त्याचा अंगठा डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यावर आला. तिथे पट्टीची कड जरा सुटली होती. त्याने ती दाबून चिकटवली, दोनदा, आणि गाडीकडे निघून गेला.

तो शनिवारी कुठे गेला, पुन्हा शिकला की नाही, मला ठाऊक नाही. मला पेटाऱ्याबाहेरचे फारसे काही कळत नाही. नवा चेहरा आला की मी आधी त्याचा डावा डोळा पाहतो. अजून तो तसा खाली वळलेला नाही.

मित्रांनो, तुमची परीक्षा घेणारी वस्तूही कधीतरी उजेडात धरून पाहा. तुम्हाला ती सोपी वाटली असेल, तर त्या दिवशी नक्कीच पाहा आणि आढळेल ते बोलून टाका. वस्तूंना ते सांगता येत नाही. माझी काळजी आता घेतली जाते. पेटाऱ्यात मला वेगळी कापडी पिशवी आहे. दर परीक्षेआधी ग्लेनिस मला स्वतः चढवते, सूर्याकडे वळते आणि हलकेच म्हणते, "काही दिसत नाही."

तेवढे ऐकले की मी त्या दिवसापुरता निश्चिंत होतो.