सदर मार्गावर मनुष्यवस्ती नाही

गावाचं नाव सांगत नाही, लाज वाटते. वडशाच्या अलीकडे, रेल्वेच्या छोट्या लाईनीवरचं गाव आहे, एवढं पुरे.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. त्या सकाळी आमच्या बाजार वॉर्डात नाक्याला नारळ फुटला. वनखात्याच्या नाक्यावर असतो तसाच आडवा बांबू, एका टोकाला दगड आणि दोरी बांधलेली; दोरी ओढली की दुसरं टोक वर उचललं जाई. राईस मिलचे धानाचे ट्रक आजवर आमच्या दारावरून जात. मागच्या साली शकुबाईच्या पायावरून चाक गेलं, वामनरावांचा ओटा तर दोनदा फुटला. आता ट्रक बंद. बायकांनी भर रस्त्यात रांगोळ्या घातल्या, पोरं लगोरी खेळू लागली. वॉर्ड समितीचे अध्यक्ष वामनराव सगळ्यांना पेढे वाटत होते. मीही दोन खाल्ले.

हे सगळं झालं ते एका अर्जावर, आणि तो अर्ज मी लिहिला होता. मी शाळामास्तर, माझं अक्षर मोत्यासारखं म्हणून गावात प्रसिद्ध. नगरपालिकेला द्यायचा अर्ज वामनराव सांगत होते, मी लिहीत होतो.

"ट्रक मागच्या रस्त्यानं वळवावेत म्हणून लिहा," ते म्हणाले. "लिहा, सदर मार्गावर मनुष्यवस्ती नाही."

माझा पेन थांबला. "वामनराव, तिकडे बौद्धांची घरं आहेत ना?"

"अजी गुरुजी, आहेत तं आहेत! तसं लिहलं तं साहेब पाहाले येईन, न बसा मंग सहा महिने. लिहा तुमी."

मी लिहिलं. अठरा वर्षं पोरांना 'खरे बोलावे' म्हणून फळ्यावर लिहून देणारा मी, ते वाक्य एकही खाडाखोड न करता लिहून मोकळा झालो. समितीच्या सगळ्यांनी खाली सह्या केल्या. साहेबांनी कागद पाहिला, रस्ता पाहिला नाही, आणि मंजुरी दिली.

त्या 'मागच्या रस्त्याला' पंचशील वॉर्ड असं नाव आहे. तोंडाशी निळ्या अक्षरांतली पाटी आहे. पण आमच्या वॉर्डात ते नाव कोणी तोंडाने घेत नसे. 'तिकडे' म्हणायचं, की सगळ्यांना कळे. तिकडून माणसं शेतावर जात, मिलमध्ये हमालीला जात, दोघंजण तर तहसीलीत कारकून होते. आमच्याकडून मात्र तिकडे कोणी जात नसे. अठरा वर्षांत मीही गेलो नव्हतो. तिथली पोरं मात्र माझ्याच वर्गात बसत.

आठ दिवसांनी देवाजी आला. रेल्वेच्या फाटकावर तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेला माणूस. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याच्या फाटकाशी थांबून मोठं झालेलं. मी नाक्याच्या आत उभा होतो, तो बाहेर. मध्ये बांबू. मी दोरी ओढली नाही, तोही वाकून आत आला नाही.

"गुरुजी, आमची गल्ली दहा फुटाची हाय. दोन टरक समोरासमोर आले का माणसानं भिंतीत शिराव का?"

"हो, जरा त्रास होत असेल," मी म्हणालो. जरा!

"मी बी फाटक लावलं गुरुजी, तीस वर्सं. पन गाडी आली का लावाचं, गेली का उघडाचं. तुमचं तं उघडतच नाई." तो हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "जास्त नाई मांगत. शाळेच्या टायमाले अर्धा घंटा टरक इकून सोडा. पोरं निंगतेत तवा. मंग दिवसभर चालू द्या तिकून."

"मिटिंगमध्ये मांडतो," मी म्हणालो.

"तुमी म्हनता म्हनजे झालंच," असं म्हणून तो गेला.

मिटिंग झाली. हिवाळ्यात कोणतं नाटक आणायचं, मंडप कोणत्या बाजूला टाकायचा, यावर दोन तास भांडाभांडी झाली. वामनराव रंगात आले होते. अशा वेळी तो विषय काढून कशाला तोंड वाईट करून घ्या, असं मला वाटलं. मी बोललोच नाही. विसरलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो.

देवाजीने वाट पाहिली आणि पेटीतून आपले जुने झेंडे काढले, लाल आणि हिरवा. रोज सकाळी तो गल्लीच्या वळणावर उभा राहू लागला. पोरं निघाली की लाल. ट्रकवाले त्याला ओळखत, थांबत. आमच्या वॉर्डात यावर हसणं झालं. "म्हाताऱ्याले नोकरी सुटत नाई बाप्पा!" वामनराव म्हणाले, आणि मीही हसलो.

डिसेंबरातली धुक्याची सकाळ. गल्लीत दोन ट्रक समोरासमोर आले. वाट द्यायला एकाने आपला ट्रक मागे घेतला. देवाजी लाल झेंडा धरून ओरडत होता, कारण ट्रकच्या मागे पोरं होती. पोरं पळाली. देवाजी भिंत आणि ट्रक यांच्यामध्ये सापडला. मी शाळेत हजेरी घेत होतो. तिकडची अकरा पोरं गैरहजर होती. मी त्यांच्या नावापुढे फुल्या मारल्या आणि धडा सुरू केला.

चौकशीला नगरपालिकेचे साहेब आले ते आमच्या नाक्यावर. सगळी समिती हजर, आणि बांबूच्या पलीकडे पंचशील वॉर्ड उभा. पुढे देवाजीची बायको बायनाबाई आणि सून कमला. साहेबांनी फाईल उघडली आणि मोठ्याने वाचलं, "सदर मार्गावर मनुष्यवस्ती नाही."

बायनाबाईने पदर सावरला.

"साहेब, मंग मेलं ते कोन होतं?"

साहेबांनी कागद पुढे धरला. "हे कोणी लिहिलं?"

वामनराव ओट्याकडे पाहू लागले. मी खिशात हात घातले. मग कमला पुढे झाली. तिने कागदाकडे एकदाच पाहिलं.

"हे गुरुजीचं अक्षर हाय," ती म्हणाली. "माह्या शाळेच्या दाखल्यावर असंच हाय. आमच्या घरी फरेम करून ठेवला हाय तो."

फ्रेम करून! मला त्या वेळी कोणी जोड्याने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मीच लिहिलं," मी म्हणालो. "खोटं लिहिलं. वस्ती आहे हे मला ठाऊक होतं." वामनराव माझ्या अंगावर धावून आले. आजतागायत ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि आमच्या घरी हळदीकुंकवाला कोणी येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळी मी स्वतः नाक्याची दोरी ओढली आणि अर्धा तास धरून उभा राहिलो. देवाजीने मागितला होता तेवढाच अर्धा तास.

मग कोरे कागद घेऊन मी पंचशील वॉर्डात गेलो. ट्रक ना इकडून ना तिकडून, रेल्वेच्या पडीक जागेतून मिलपर्यंत वेगळा रस्ता काढा, असा नवा अर्ज करायचा होता. आणि त्यात वस्तीतल्या माणसांची नावं, घरवार, एकूणएक. लोकांनी बाज टाकली, बसा म्हणाले. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर मान वर करता आली असती. बेचाळीस घरं होती.

शेवटी बायनाबाईचं घर. भिंतीवर फ्रेम होती, मी तिकडे पाहिलं नाही. खुंटीला दोन झेंडे होते.

"बाई, घरातली नावं सांगा."

"पयले देवाजी लिव."

मी घुटमळलो. "बाई, पण देवाजी तर आता..."

"तुनं पयला अर्ज लिवला तवा जित्ते होते ना ते? इथीच राहत होते ना?" तिचा आवाज चढला नाही. मला 'गुरुजी' मात्र ती म्हणाली नाही. "मंग लिव. न कमले, तू वाचून पाय, काय लिवते तं. मंगच मी आंगठा देतो."

मी लिहिलं. कमला माझ्या खांद्यामागे उभी राहून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती. त्या दिवशी माझं अक्षर काही चांगलं आलं नाही.