शेवंताच्या फोटोची चौकट

माझी बायको शेवंता जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. घरी बुद्धवंदना आणि जेवण ठेवलं होतं, त्यासाठी तिचा मोठा फोटो पाहिजे होता. चौकट बालाघाटच्या बाजारात तयार मिळते. मी मात्र सुतारकामाची अख्खी मशीन विकत घेतली. कारण माझा साळा प्रेमलाल.

प्रेमलाल उकव्याच्या खाणीत फिटर होता. तो रिटायर झाला, त्याचं तोंड झालं नाही. शेवंताच्या मातीच्या दिवशी चार लोकांत तो मला म्हणाला, "जवाईबुवा, माही बहीण चार वर्सं विटेवर टेकवलेल्या खाटेवर झोपली. तुमच्यानं एक पाय बसवणं नाही झालं."

खरं होतं. खाटेचा पाय मोडला तेव्हा मी वीट लावली, आणि विटेने इतकं चांगलं काम केलं की पुढे मी काही केलं नाही. शेवंता दर रविवारी आठवण करून द्यायची. मी दर रविवारी हौ म्हणायचो.

म्हणून ठरवलं, चौकट त्याच खाटेच्या लाकडाची आणि माझ्याच हातची करायची. प्रेमलालने ती पाहिली पाहिजे.

लांजी रोडवरच्या महेंद्रने फर्निचरचं दुकान बंद केलं होतं. त्याची जुनी मशीन विकायला होती. एकाच मोटरवर रंधा, कटर आणि ड्रिल, तिन्ही कामं.

"काका, क्या बनाओगे?" त्याने विचारलं.

एवढ्या मोठ्या मशीनपुढे फोटोची चौकट म्हणायला लाज वाटली. "दरवाजे," मी म्हणालो.

"बढ़िया. बस, कोने की पट्टी का नंबर घिस गया है. पैंतालीस अंदाज से लगाना."

मी समजल्यासारखी मान हलवली. मी पोस्टात थैल्या उचलणारा माणूस. पैंतालीस काय, ते मला माहीत नव्हतं.

चार माणसांनी मशीन मागच्या पडवीत ठेवली. ती सुरू झाली की शेजारच्या पौर्णिमाचा पंखा मंद व्हायचा.

"काका, आधी आवाज देत जा!" ती भिंतीवरून ओरडायची. "माह्या मिक्सरात चटणी अर्धीच राह्यली!"

खाटेच्या दोन्ही बाजूंची लांब लाकडं, पाट्या, रंध्यातून काढल्या. काळं लाकूड आतून तांबूस निघालं. मी पौर्णिमाला बोलावून दाखवलं. पाट्या चिरून एका चौकटीपुरत्या पट्ट्या झाल्या, वर वीतभरही उरलं नाही.

मग पैंतालीस कळले. चौकटीला पट्टीचं टोक तिरपं कापावं लागतं, आणि ते बरोबर पंचेचाळीस अंशांत आलं तरच कोपरा मिटतो. माझे तीन कोपरे मिटले. चौथ्यात बोट जात होतं.

मी सगळी टोकं सरळ कापून टाकली आणि पुन्हा तिरपी केली. चौकट पाच इंच लहान झाली. चौथ्या कोपऱ्यात आता करंगळी जात होती, म्हणजे सुधारणा होती.

फोटो दीपिकाच्या स्टुडिओत होता. शेवंताचा हसतानाचा तेवढा एकच, नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेला. डावीकडून प्रेमलालची बायको, प्रेमलाल, शेवंता आणि मी. प्रेमलालने फोनवर बजावलं होतं, "तोच लावा, ज्याच्यात मी तिच्या बाजूले उभा आहो."

"काका, सगळे ठेवले तर चेहरे वाटाण्याएवढे होतील," दीपिका म्हणाली. "काकूंचा चेहरा एवढाच ठेवायचा तर कोणाला तरी कापावं लागल."

मी प्रेमलालची बायको कापली. तिचे गुडघे दुखतात, ती येणार नव्हती.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो.

"अजून लहान? आता कोण?"

"मी."

"काका, तुम्ही स्वतः?"

"मी काय, घरीच असतो."

करंगळी जाईना, पण नख जात होतं. आणखी एकदा कापलं असतं तर प्रेमलाल अर्धा झाला असता. माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी प्रेमलाल आला. चहा न घेता सरळ पडवीत गेला. चौकट उचलली, उलटी केली, लाकडावरून अंगठा फिरवला.

"हे खाटीचं होय?"

"हौ."

त्याने अंगठा पुन्हा लाकडावरून फिरवला. मग त्याला फट दिसली.

"टोकं सरळ काहून कापली? तिरप्यावरूनच जरासं काढाचं होतं! हटा बाजूले. तीस वर्सं मशीनीत गेली माही."

मी पौर्णिमाला आवाज दिला. प्रेमलालने जरासं काढलं. फट दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथलं जरासं काढलं, ती तिसऱ्यात आली. तो घामाघूम झाला. मी दर वेळी पट्टी मोजून फोटोवर लावून बघत होतो.

"भाऊ, तुमचा कान गेला," मी म्हणालो.

"जाऊ द्या."

"आता डोळा जाऊन राह्यला."

"दुसरा आहे ना!"

संध्याकाळपर्यंत चारही कोपरे मिटले. प्रेमलाल पूर्ण गेला होता. तो स्वतःच स्टुडिओत जाऊन स्वतःला कापून आला.

रविवारी वंदना झाली. लोक फुलं ठेवत होते. चौकटीत एकटी शेवंता, तोंड उघडं टाकून हसत होती.

"काकू एवढ्या काहाले हासून राह्यल्या?" पौर्णिमाने विचारलं.

"माह्या बोलण्यावर," प्रेमलाल म्हणाला. "फोटोवाल्याची मी मस्करी केलती."

"नाही," मी म्हणालो. "माझी टोपी उडाली होती."

"टोपी मांगून उडाली, जवाईबुवा."

"आधी उडाली."

"मग फोटोत तुमच्या डोक्यावर काहून होती?"

"कुठं होती?"

आम्ही दोघांनी चौकटीकडे पाहिलं.

प्रेमलाल सोमवारी जाणार होता, गुरुवारपर्यंत राहिला. रोज जेवताना टोपीवरून भांडण झालं. पूर्ण फोटो दीपिकाच्या कॉम्प्युटरात आहे. बघायला दोघांपैकी कोणी गेलं नाही.