शेवटच्या गुरुवारचा हलवा

हश्मतुल्ला गरूसीने फासे मुठीत खुळखुळवले, त्यांच्यावर फुंकर मारली आणि आता टाकणार, तेवढ्यात मश्ती यदुल्लाने सोंगट्यांच्या पटावर आपला पंजा आडवा ठेवला.

"थांब कर्नल. मेलेल्या माणसाशी डाव खेळत नाहीत."

"कोण मेलं?"

"तू."

चिनाराला अजून पान फुटलं नव्हतं. दामगानच्या बागेतल्या त्या बाकावर ऊन यायचं ते दुपारी, तेही उपकार केल्यासारखं. मश्तीने कोटाच्या आतल्या खिशातून फोन काढला, हात लांब करून डोळ्यांपासून दूर धरला आणि जावयाने पाठवलेली बातमी वाचली. कैद्यांच्या छळाबद्दल युरोपवाल्यांनी ज्या अधिकाऱ्यांवर बंदी घातली होती, त्यातल्या तिघांची नावं यादीतून वगळली होती. कारण, सदर इसम मयत. तिसरं नाव गरूसी, हश्मतुल्ला. बापाच्या नावासकट, जन्मगावासकट.

"पुरावा काय?" हश्मत भडकला. "माझं थडगं कोणी बघितलंय?"

"ते मला काय विचारतोस? मी साधा ट्रक ड्रायव्हर. तुझ्या मयताचा हलवा खायची वेळ आली आणि मला कोणी बोलावलंसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटतंय."

नऊ वर्षांपूर्वी बंदी लागली, तेव्हा तिकडच्या बँकांतली हश्मतची मालमत्ता गोठवण्यात आली होती. ती नव्हतीच. तिकडच्या भूमीवर पाऊल ठेवायला मनाई झाली होती. ती मात्र खरी होती. गावाने त्यावर आपली भर घातली. औषधाच्या दुकानदाराचं म्हणणं, जर्मन गोळी या माणसाच्या पोटात गेली की विरघळायला नकार देते. न्हावी शपथेवर सांगायचा, की ऑस्ट्रियाकडून येणारे करकोचे गरूसीच्या गच्चीपाशी आले की वळसा घालून जातात. ही थाप म्हणावी, तर त्या गच्चीवर त्यानंतर करकोचा कोणी पाहिलेलाही नाही. माणसं तर खरोखरच वळसा घालत. पाव आणायला गेला की रांग गप्प व्हायची. बायको वारल्यावर तीही एक बोलणारी गेली. उरला मश्ती, आणि तोही का, तर सोंगट्यांत तो जगात फक्त हश्मतला हरवू शकत असे.

"असो," मश्ती म्हणाला, "मेल्याचा एक फायदा झाला तुझा. मयतावर बंदी नसते. वरच्या स्वर्गाचं तुझं कठीणच आहे, निदान युरोप तरी बघून घे."

हश्मतचा हात हवेतच राहिला. फासे अजून मुठीत होते.

"म्हणजे फरंगीसकडे जाता येईल?"

"जिवंत आहेस हे कळेपर्यंत येईल."

"तेवढ्यात चहा पिऊन येतो की."

मश्ती हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, "पण कोणीतरी कळवलं असणार रे. मयताची खबर घरचेच देतात."

"माझ्या घरचं आहे कोण?" असं म्हणून हश्मतही हसला. मग त्याने डाव अर्धा असतानाच सोंगट्या गोळा करून डबीत भरायला घेतल्या.

फरंगीस त्याची एकुलती एक मुलगी. ऑस्ट्रियात, ग्राझला राहायची. वर्षातून एकदा, नवरोजच्या दिवशी, तिचा फोन यायचा. "बाबा, तुमची जागा फार रिकामी वाटते इथे. पण काय करणार, ती बंदी." "हो ना, बंदी," हा म्हणायचा. नात कशी आहे विचारलं, की ती नेहमी झोपलेली असायची. फोनमागे काहीतरी टिकटिक वाजत असे. पहिली दोन वर्षं त्याला ते घड्याळ वाटलं. मग लक्षात आलं, की गाडी रस्त्याच्या कडेला उभी केल्यावर दिवा लुकलुकतो, त्याचा तो आवाज. मुलगी घरातून फोन करत नव्हती. हे त्याने तिला कधी विचारलं नाही.

या मुलखात तआरुफ म्हणून एक रीत आहे. दारातून निघालेला माणूसही रस्त्यावरच्याला म्हणतो, आत या, जेवून जा. रस्त्यावरच्याने म्हणायचं, छे छे, तुम्हाला कशाला त्रास. तीनदा बोलवायचं, तीनदा नको म्हणायचं. बोलावणाऱ्याची अब्रू राहते आणि भातही वाचतो. गरूसी बापलेकीचं नको म्हणायचं काम नऊ वर्षं युरोपवाल्यांनी अंगावर घेतलं होतं.

बंदी लागली ती एका डब्यामुळे. हश्मत मिठागराकाठच्या तुरुंगाचा मुख्य होता. त्याने स्वतः कोणावर हात उचलला नव्हता, असं तो सांगायचा आणि ते खरंही होतं. तो फक्त सही करायचा. त्या हिवाळ्यात अंगावर पाणी ओतून अंगणात उभं करायच्या शिक्षेवर त्याची सही होती. बर्दिया नावाचा एक विद्यार्थी त्यातून उठला नाही. कागद नीट होईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नव्हतं. बर्दियाची आई मात्र रश्तकडून रात्रभर बसचा प्रवास करून दर गुरुवारी फाटकाशी यायची, निळ्या मुलाम्याच्या डब्यात अक्रोड भरलेली गोड बिस्किटं, कुलुचे, घेऊन. डबा नाकारला, तर म्हातारी विचारणार. म्हणून तीन गुरुवार हश्मतने डबा घेतला आणि घरी नेला. फरंगीस तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी होती. चहाबरोबर कुलुचे खाताना म्हणाली, "बाबा, कोणाच्या हातचे आहेत हो हे? सुगरण आहे बाई." तिने डबा घासला, पुसला आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून दर वेळी त्यात मूठभर पिस्ते घातले.

पुढे सगळं बाहेर आलं. परदेशातल्या वाहिनीवर ती आई बोलली. ती ओरडली नाही की रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "डब्यात पिस्ते असायचे. मला वाटलं, माझ्या पोराने स्वतःच्या वाटणीतले काढून ठेवले. मी ते खाल्ले नाहीत. जपून ठेवलेत."

फरंगीस समोर बसून चहा पीत होती. तिने पेला खाली ठेवला, उठून आत गेली. महिन्याभरात देश सोडला. त्या डब्याबद्दल बापाशी एक शब्दही बोलली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

बातमी आल्यानंतरच्या गुरुवारी हश्मत मश्तीच्या घरी गेला. मिशी कातरली होती, कोटाला ब्रश मारला होता, काखेत पिस्त्यांची पिशवी होती. नवरोजच्या आधीचा, वर्षाचा शेवटचा गुरुवार, घरोघरी आपापल्या मृतांसाठी हलवा होतो. मश्तीही स्वयंपाकघरात बायकोच्या नावाने पीठ भाजत होता. करपल्याचा वास बाहेरपर्यंत आला होता.

"मश्ती, तुझा फोन दे. तोंड दिसतं तो."

"तुझा काय झाला?"

"त्यात तोंड दिसत नाही."

"तोंड दाखवण्याजोगं आहे का, ते आधी आरशात बघ," आतून आवाज आला. "घे, खिडकीत आहे. आणि मला बोलावू नको, नाहीतर उरलेलंही करपेल."

हश्मतने आकडे पाठ केले होते. एकेक दाबले. याआधी त्याने स्वतःहून तिला कधी फोन केला नव्हता. घंटी वाजत असताना त्याने पिस्त्यांची पिशवी फोनसमोर दिसेल अशी मांडीवर ठेवली.

पडदा उजळला आणि त्यावर एक मुलगी आली. सहा-सात वर्षांची असेल. पुढचे दोन दात पडलेले. आणि हनुवटी. हनुवटी हश्मतच्या बायकोची होती, जशीच्या तशी, मधल्या खळीसकट.

"सलाम," मुलगी म्हणाली. "मामानचे हात चिकट झालेत. तुम्ही कोण?"

हश्मत फोनजवळ वाकला. "तू पानीज ना?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"मामान काय करतेय?"

"हलवा. मी त्यावर नक्षी काढणार आहे. बदामांची."

"मग पिस्ते लाव ना वर. हे बघ, दामगानचे आहेत," त्याने पिशवी उचलली. "हिरवे दिसतात छान."

"आमच्या घरात पिस्ते आणत नाहीत," पानीज म्हणाली. "मामानला चालत नाहीत. दुकानात दिसले तरी ती दुसऱ्या बाजूने जाते."

हश्मतने पिशवी खाली ठेवली. मांडीवर नाही, पार गालिच्यावर, पडद्याबाहेर.

"हलवा कोणासाठी गं?"

"आजोबांसाठी. मामानच्या बाबांसाठी." मुलीने आवाज मोठ्या माणसासारखा खाली आणला. "ते वारले. मी जन्मायच्या आधी. तुरुंगात."

आत मश्तीचा झारा कढईला घासत होता. तिकडून, कुठल्याशा आतल्या खोलीतून, नऊ वर्षं वर्षातून एकदाच ऐकलेला आवाज आला. या वेळी त्यामागे टिकटिक नव्हती. नळ वाहत होता आणि भांडी वाजत होती.

"पानीज, कोण आहे गं?"

"एक आजोबा आहेत, मामान!"

पावलं जवळ येऊ लागली. हश्मतने अंगठा उचलला आणि फोनच्या बारक्या भिंगावर दाबून धरला. तुरुंगाच्या फाटकातली झडप तो असाच लावून घ्यायचा.

"बेटा, चुकीचा नंबर लागला माझा," तो म्हणाला. "देव तुझ्या आजोबांना क्षमा करो."

पानीज एक क्षण थांबली, शिकवलेलं आठवत असल्यासारखी. मग म्हणाली, "देव तुमच्या गेलेल्यांनाही करो."

त्याने फोन बंद केला आणि अंगठा तसाच दाबून बसला.

मश्ती बशी घेऊन बाहेर आला. हलवा काळपट झाला होता. "लागला का?"

"नाही."

"पुन्हा लाव."

"राहू दे. घाईचं काम नाही." हश्मतने बोटाने हलव्याचा तुकडा उचलला, मृतांसाठीची फातिहा पुटपुटली आणि खाल्ला. फातिहा नेहमीपेक्षा लांबली, पण मश्तीला ते बायकोबद्दलच्या आदरापोटी वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

नवरोजच्या सकाळी घरचा फोन वाजला. हश्मत त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून बसला होता, तरी त्याने तीन घंट्या जाऊ दिल्या.

"नवरोज मुबारक, बाबा."

"तुलाही, पोरी."

टिकटिक चालू होती. दोघांनी हवापाण्याबद्दल बोलून घेतलं. तिकडे पाऊस, इकडे वारा. मग ती नेहमीचं वाक्य म्हणू लागली. "बाबा, तुमची जागा फार रिकामी वाटते इथे. पण…"

आणि ती अडली. पुढचा शब्द तिला सापडत नव्हता. नाव वगळल्याची बातमी आता सगळ्यांनी वाचली होती. हश्मत फोनच्या वळ्यावळ्यांच्या वायरीत बोट गुंतवून वाट बघत राहिला. ती काही म्हणेल, एवढ्या वेळात दुसरं काहीतरी म्हणेल.

"पण बंदी आहे ना," शेवटी तोच म्हणाला. "कसं येणार."

पलीकडे टिकटिक थांबली. तिने दिवा बंद केला असावा. आता फक्त पाऊस, गाडीच्या टपावर. दर वर्षी ती 'तब्येत सांभाळा' म्हणून फोन ठेवायची. या वर्षी ती काही बोललीही नाही आणि तिने फोन ठेवलाही नाही. बराच वेळ दोघं तो पाऊस ऐकत बसले. दामगानात पाऊस नव्हता.

दुपारी बागेत मश्तीने पट मांडला. "आला का फोन? काय म्हणाली?"

"ये म्हणाली."

"अरे वा! मग?"

हश्मतने पिस्त्यांची पिशवी मश्तीपुढे सरकवली आणि फासे मुठीत घेतले.

"मी नको म्हटलं," तो म्हणाला. "पहिल्याच बोलावण्याला कोण जातं?"