कागदाला लागणारा हात

रुपाबाईनं पदर कमरेला खोचला, कागद कापायच्या मशीनचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि जात्यावर बसल्यासारखा जोर लावला. प्लेटांची चळत रुळांच्या मधे शिरली आणि आतून कट्‌ कट्‌ असा आवाज निघाला. उज्ज्वलानं पटकन हात पुढे केला. मोडली वाटतं जाऊबाईनं दुकानदाराची मशीन!

"मोडत नाही ताई, आवाजच तसा आहे तिचा," दुकानदार हसत म्हणाला. "दाब बसला की प्लेट कुरकुरते. थांबू नका, फिरवा."

रुपाबाई थांबणाऱ्यातली नव्हतीच. तिनं हँडल पुरतं फिरवलं. चळत पलीकडून बाहेर आली. दुकानदारानं वरची प्लेट काढली, लोखंडी साचा बाजूला केला, आणि गुलाबी कार्डशीटमधून अख्खं कमळ सुटून आलं. पाकळी न् पाकळी वेगळी, देठाला जाळी. रुपाबाईनं ते तळहातावर घेतलं, फुंकर मारली, तशी जाळीतली बारीक चुरी काउंटरवर सांडली.

"माय वं! एवढीशी पाकळी," ती म्हणाली. "मले कैचीनं हे कापाले अख्खी दुपार लागते. अन् तरी एखादी पाकळी तुटतेच."

दोघी जावा सकाळच्या बसनं मंगरूळपीरहून वाशीमला आल्या होत्या. रुपाबाई थोरली, उज्ज्वला धाकटी. घरी भाजीपाल्याचं वावर. उज्ज्वलाचा नवरा चंपत वांगी-मेथीच्या जुड्या घेऊन बाजारात बसायचा, आणि या दोघी ओसरीवर बसून लग्नाच्या रुखवताचं कागदकाम करायच्या. तोरणं, झालरी, सप्तपदीची पावलं, विड्याची पानं, कागदाचंच तुळशीवृंदावन. आजूबाजूच्या गावांतून बाया विचारत यायच्या.

काउंटरवर दोन मशिनी होत्या. लहान होती ती पानाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, दोन्ही बाजूंनी मिटणारी.

"ही एकटी बाई सहज चालवते," दुकानदार सांगत होता. "काम झालं की मिटायची, कपाटात ठेवायची. मोठीत पूर्ण कार्ड जातं, पण मोठा साचा टाकला की हँडल जड होतं. एकीनं प्लेटा सरकवायच्या, एकीनं फिरवायचं. दोघी लागतात."

उज्ज्वला लहान मशीन घ्यायचं ठरवूनच घरून निघाली होती. जाऊबाईचा खांदा कैचीनं दुखतो, तिला आराम पडेल, असं तिनं घरी सांगितलं होतं. चंपतनं नेहमीसारखी थट्टा केली, "वांगे विका अन् कागद कापा," आणि हो म्हणून टाकलं. खांदा खोटा नव्हता. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते ती कोणाजवळच बोलली नव्हती.

खरं कारण आसेगावच्या चतुराबाईचं होतं. माघात तिच्या मुलीचं लग्न. रुखवत सांगायला ती घरी आली, तेव्हा रुपाबाई ओसरीवर झालर कापत बसली होती. चतुराबाईनं आधी तिच्या हातातली झालर पाहिली, मग तिचं कपाळ पाहिलं, आणि मग झालरीचं जरा जास्तच कौतुक केलं. जाताना मात्र कुंपणापाशी उज्ज्वलाचं कोपर धरून ती हळूच म्हणाली,

"कागद तेवढा तुह्याच हातचा असू दे बरं. मी नाई मानत असं काई. पन नवरदेवाकडचे लोक जुन्या वळनाचे हायत. पोरीचं नशीब हाय बाई, उगाच कायले बोल लावून घ्या."

आणि उज्ज्वला हो म्हणाली. हो म्हणायला लागतं काय माणसाला? जीभसुद्धा हलवावी लागत नाही. तोंडातून निघून गेलं, आणि तेव्हापासून घशात हाड अडकल्यासारखं तिथंच बसलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा कैची कशी धरायची हेसुद्धा तिला येत नव्हतं. शिकवलं ते रुपाबाईनं. पुढे थोरले दीर गेले. रुपाबाई भिंतीकडे तोंड करून बसायची, जेव म्हटलं तर जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. एक दिवस तिनं आपणहून कैची मागितली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, आली बाई परत. आता त्याच कैचीवरून तिला उठवायचं होतं. उठ म्हणायला उज्ज्वलाची जीभ रेटत नव्हती. लहान मशीन आतल्या खोलीत ठेवली असती, एकटीनं चालवली असती, तर कोणालाच काही म्हणावं लागलं नसतं. साप मेला असता आणि काठीही तुटली नसती.

दुकानदारानं आता प्लास्टिकचं नक्षीदार फोल्डर काढलं, त्यात पिवळा कागद घातला आणि मोठ्या मशीनमधून फिरवून दिला. कागदावर वेल उठून आली होती. रुपाबाईनं तिच्यावरून बोट फिरवलं.

"भाऊ, याच्यात कागदाले हात कुठं लागते?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही. साचा, कागद, सगळं प्लेटांच्या मधे. हात फक्त हँडलला."

"फक्त हँडलले," रुपाबाई म्हणाली आणि पुन्हा एकदा त्या हँडलवरून तळवा फिरवला. एवढ्या खुशीत उज्ज्वलानं तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

"लहान घेऊ, जाऊबाई," उज्ज्वला घाईघाईनं म्हणाली. "जागा कमी लागते."

"घे. तुले बरं वाटन ते घे."

रुपाबाईनं हँडल सोडलं. रुसली नाही की काही नाही. काउंटरवरची कागदाची चुरी तेवढी बोटानं गोळा करत राहिली. दुकानदारानं लहान मशीनचं खोकं खाली काढलं, आत प्लेटा मोजून ठेवल्या, चिकटपट्टीचं टोक शोधायला लागला. उज्ज्वला त्याच्या नखाकडे पाहत होती. पट्टी फर्रकन निघाली आणि तिला राहवलं नाही.

"थांबा भाऊ. मोठी द्या."

"नक्की? जड आहे हं ती."

"हो. आमी दोघी हावो."

परतीच्या बसमध्ये ते खोकं दोघींच्या मांड्यांवर अर्धं अर्धं होतं. एक चांगलं काम हातून झालं की माणूस लगेच स्वतःची पाठ थोपटायला लागतो, त्यातून उज्ज्वला तरी कशी सुटावी? खिडकीतून तुरीची वावरं मागं जात होती आणि तिला फार हलकं वाटत होतं. चतुराबाई आली की तिला काय सांगायचं, हा विचार मंगरूळपीरचा फाटा दिसेपर्यंत तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. शिवला तेव्हा तिनं तो बाजूला सारला. पाहू, आल्यावर पाहू.

मशीन ओसरीवरच्या टेबलावर बसली. पहिल्याच दिवशी उज्ज्वलानं साचा उलटा ठेवला, धार खालच्या प्लेटीत रुतली, आणि कागद जसाच्या तसा कोरा बाहेर आला. रुपाबाई हसली. तोंडाला पदर न लावता हसली.

"बरं झालं, प्लेट कापून पाह्यली तू. आता कागद कापू."

मग काम सुरळीत लागलं. उज्ज्वला थर रचायची आणि प्लेटा सरकवायची, रुपाबाई हँडल फिरवायची. पावलं झाली, कमळं झाली, पिवळ्या कार्डांवर वेली उठल्या. संध्याकाळी चंपत रिकामी टोपली घेऊन परत यायचा तेव्हा ओसरीत रंगीत चुरीचा सडा पडलेला असायचा, आणि तो पाय उचलून टाकत म्हणायचा, "घरात चालू देसान का नाई?" उज्ज्वला हसायची, पण बाहेर कोणाच्या चपला वाजल्या की तिचा हात प्लेटीवरच थांबायचा. आणि तशातच एक दिवस दुपारी चतुराबाई आली.

टेबलावर तयार मालाची रास होती. रुपाबाई हँडलपाशी उभी. चतुराबाईनं चप्पल काढली, ओसरीवर चढली आणि एक एक नग उचलून पाहायला लागली. सात पावलं तिनं ओळीनं मांडून पाहिली. चेहरा फुलला होता, पण डोळे मधूनच रुपाबाईकडे जात होते.

"बेस झालं वं, उज्ज्वला," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, जसं काही सहज, "म्या सांगितल्यावानीच केलं न?"

उज्ज्वलानं हातातली प्लेट खाली ठेवली. काही सुचायच्या आत रुपाबाईच बोलली.

"सारं मशीननं केलं, चतुराबाई. आता कागदाले कोनाचाच हात लागत नाई. सारं प्लेटाच्या मधात होते. पाह्यजे तं उभं राहून पाहून घ्या."

"असं का!" चतुराबाईनं मोठा श्वास सोडला. "बरं केलं बाई. आता काई सवालच नाई ऱ्हायला. नाई तं लोकाचं तोंड धरता येते का आपल्याले?" आणि ती भराभर पावलं एकावर एक रचायला लागली.

रुपाबाई मान हलवत होती. शेजारणीच्या दुखण्याची चौकशी करावी इतक्या सहज. ते पाहून उज्ज्वलाच्या अंगाचा भडका उडाला. कमळ कोणाच्या हातचं, वेल कोणाच्या हातची, आणि बाई आपल्या तोंडानं म्हणते, कोणाचाच हात नाही! इतक्या दिवसांचं घशातलं हाड एकदम बाहेर पडलं.

"हात लागते, काकू."

चतुराबाई थांबली.

"मशीन काई आपोआप नाई चालत. जाऊबाई फिरवतेत तवा चालते. हे सारं त्यायच्याच हातचं हाय. मले कागद कापनं बी त्यायनंच शिकवलं. तुमाले चालत असन तं न्या."

"उज्ज्वले," रुपाबाई हळूच म्हणाली.

"नाई जाऊबाई, सांगू द्या."

चतुराबाईच्या हातात पावलं तशीच होती. तिनं उज्ज्वलाकडे पाहिलं, रुपाबाईकडे पाहायचं मात्र टाळलं. मग पावलं टेबलावर ठेवली, अगदी जपून.

"माह्या मनात काई नाई वं. देवाशपथ नाई. पन आता आयकल्यावर... घरी बोलून पाह्यतो. लग्नाले येळ हाय आजून." चप्पल घालता घालता ती पुन्हा म्हणाली, "राग नका मानू बरं." हे कोणाला म्हणाली ते तिचं तिलाच ठाऊक.

ती कुंपणाबाहेर गेली. उज्ज्वलाला मोकळं वाटलं. बोलून टाकलं एकदाचं! माल पडून राहिला तर राहू दे. आता जाऊबाई वळेल, तिचे डोळे भरलेले असतील, कदाचित हात धरेल, असं तिला वाटलं. वाटलं कशाला, ती वाटच पाहत होती.

रुपाबाई खोक्यात कागद भरत होती. गुलाबीवर गुलाबी, पिवळ्यावर पिवळा.

"जाऊ द्या तिले, जाऊबाई. दुसऱ्या बाया येतीन."

"येतीन."

"मले सहन नाई झालं. तुमी असं म्हनलं तवा मले..."

"हो. दिसलं मले."

रुपाबाईनं खोकं बाजूला सरकवलं आणि ओसरीच्या कडेला बसली.

"त्या दिवशी तू कुंपनापाशी तिले हो म्हनली, तवा मी ओसरीवरून उठून पलीकडं मेथी खुडून राह्यली होती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच उज्ज्वलाला सोसवेना. "समदं आयकलं म्या. मनात म्हनलं, पोरगी भेली, जाऊ दे. मंग तू मशीनचं काढलं. दुकानात त्या भाऊनं सांगितलं, कागदाले हातच लागत नाई, तवा मले भल्लं बरं वाटलं. म्हनलं, चाला, आता लोकाले सांगाले काई तरी झालं. तिचं मन बी राह्यलं असतं, अन् मी बी इथंच बसून राह्यली असती. कोनी उठवलं नसतं मले."

उज्ज्वला टेबलावरची चुरी बोटानं गोळा करायला लागली.

"आता आसेगावभर होईन, तिथून मंगरूळले येईन. तू खरं बोल्ली, चूक नाई तुही. पन हात माहा हाय न, उज्ज्वले? तू तिले हो म्हनली, तवा मले इचारलं नाई. आज नाई म्हनली, तवा बी इचारलं नाई."

वावरात मोटारीचं पाणी पडत होतं. रुपाबाई उठली, पायाला चिकटलेली चुरी झटकली आणि मेथीच्या वाफ्याकडे जायला निघाली. उज्ज्वला तिच्या मागोमाग पायरीपर्यंत गेली.

"जाऊबाई," ती म्हणाली. "उद्या बसान न माह्यासंगं? इचारून राह्यली मी तुमाले."

रुपाबाई थांबली. वळून तिनं उज्ज्वलाकडे नीट पाहिलं.

"सकाळी सांगतो," ती म्हणाली आणि वाफ्यात उतरली.